कोंडूबाबाच्या एकतारीचं जेवण

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मिस्त्री, आयुष्यभर सुरांच्या सहवासात राहिलात, चार गोड आठवणी लिहून द्या." गोड आठवणी माझ्याकडे आहेत. पण यंदा लिहायला बसलो की त्या बाजूला सरकतात, एकच गोष्ट पुढे येऊन बसते आणि डोकं तापतं. बायको म्हणते, "दिवाळीच्या अंकात कोनी असं लिहिते काय?" मी म्हणतो, मग अंकवाल्यांनी माझ्याकडे यायचं नव्हतं. छापायचं तर छापा, नाहीतर चिवडा बांधायला घ्या.

मी घाटंजीत पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. आम्ही सुतार. वडील बैलबंडीची चाकं करायचे. बंड्यांना रबरी टायर आले तेव्हा वडिलांनी कपाळाला हात लावला आणि मी पेटीकडे वळलो. ढोलकीला पुडी चढवणं, खंजिरीचं कातडं बदलणं, एकतारीला नवा तुंबा बसवणं हेही करतो. लोक मला नावानं ओळखत नाहीत, मिस्त्री म्हटलं की बाजारातलं शेंबडं पोरही दुकान दाखवतं.

बाहेरच्यांना वाटतं, पेटी बिघडली म्हणजे आत काहीतरी तुटलं. तुटत फार कमी. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात, भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. आमच्याकडे कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमधून रुई उडते. ती कपड्यावर बसते, भाजीत पडते आणि पेटीतही जाते. एक तंतू जिभेला चिकटला की तो सूर मुका होतो. गिऱ्हाईक घाबरून सांगतं, "मिस्त्री, पेटी मेली." मी झाकण काढून फुंकर मारतो, पेटी उठून बसते. एवढ्याशा कामाचे पैसे घ्यायची लाज वाटते, म्हणून मी उगाच दोन-चार स्क्रू काढून पुन्हा लावतो.

गिऱ्हाईकांचं काय सांगावं. एका गावच्या भजनी मंडळात फूट पडली. दोन्हीकडची माणसं वेगवेगळ्या बाजाराला येऊन मला एकच विचारायची: पेटीत असं काही करता येईल काय, की तो दुसरा वाजवायला बसला की भेसूर निघेल? मी दोघांनाही सांगितलं, तुम्ही दोघंही वाजवता ते ऐकलं आहे, वेगळं काही करायची गरज नाही. एकदा एक पुढारी नव्या पेट्या घेऊन आला आणि म्हणाला, पेटीवर माझं नाव असं रंगवा की समोर बसलेल्या शेवटच्या माणसाला वाचता यावं. मी विचारलं, सूर लावून देऊ का? तो म्हणाला, "वाजवाच्या नाही, वाटाच्या हायत." अशांचं हसू येतं, राग येत नाही. राग येतो तो माझ्या सगळ्यांत जवळच्या गिऱ्हाइकांचा, म्हणजे कोंडूबाबाच्या मंडळाचा.

कोंडूबाबा कोण, हे आमच्या भागाबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसेल. मूल जगावं म्हणून पोराचं नाव कचरू, धोंडू ठेवतात, त्यातलंच हे कोंडू. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून जे लमाणांचे तांडे फिरत, त्यांच्याबरोबर हा माणूस या मुलखात आला म्हणतात. तांड्यातले म्हणतात तो आमचा. मुसलमान म्हणतात फकीर होता. पोडावरचे, म्हणजे रानालगतच्या आदिवासी वस्तीवरचे, कोलाम म्हणतात, बाबा म्हातारपणी आमच्यात राहिला आणि आमच्यातच गेला. त्याची समाधी नाही, लेखी ओळ नाही. आहेत ती भजनं, आणि ती आजही घाटंजीपासून केळापूरपर्यंत पेरणीला, बारशाला, मयतीला गायली जातात. दुसरे संत शेवटच्या ओळीत 'म्हणे' म्हणून काहीतरी सांगून जातात. कोंडूबाबा सांगत नाही, विचारतो.

मिठाची गोनी पान्यात गेली,
बैल म्हने मी हलका झालो,
कोंडू पुसे, नफा का तोटा?

दुकानात भजन चालू असताना कितीदा माझा हात या ओळीवर थांबला आहे. उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

पण बाबानं नुसती भजनं ठेवली नाहीत, एक एकतारी ठेवली आणि तिचा रिवाज ठेवला. ती कोणाच्या मालकीची नाही. जो सांभाळतो, तो गातो. त्याचे हात थकले किंवा तो गेला की एकतारी उठते आणि दुसऱ्या घरी जाते. ते घर जातीनं वेगळंच असलं पाहिजे. भाऊ, पुतण्या, भाऊबंद चालत नाही. आणि ती देण्याआधी, भरदिवसा, चार लोकांच्या देखत, जुन्या घरातल्या माणसांनी नव्या घरच्या चुलीवरचं जेवायचं. जेवण झालं की एकतारी हातात. जेवण नाही तर देणं नाही.

आम्ही गंमत म्हणून सांगायचो, बाबा मोठा खवय्या दिसतो. खरं कारण मला नथ्थूजींनी सांगितलं.

नथ्थूजी म्हणजे एकतारीचे अलीकडचे सांभाळणारे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या पेट्या माझ्याकडे येतात. खातंपितं कुणबी घर, कापूस, सोयाबीन, तूर, विहिरीला पाणी. एकतारी त्यांच्याकडे जवळच्या तांड्यावरच्या हिरासिंग नायकांकडून आली होती. नायकांचं घर नथ्थूजींच्या ओसरीवर पंगत धरून जेवलं आणि एकतारी दिली. नायकांना ती मिळाली होती एका मुसलमान गवंड्याकडून. तेव्हा गवंड्याचं घर तांड्यावर जाऊन जेवलं होतं.

नथ्थूजींचा गळा काही गोड नव्हता. पण माणूस गाताना ऐकणाऱ्याकडे बघायचा, आणि 'कोंडू पुसे' आलं की खरंच विचारतो आहे असं वाटायचं. त्यांच्या मागे दुसरा आवाज असायचा भिमाबाईचा. ती पोडावरची कोलाम बाई, बांबूच्या टोपल्या-सुपं विणून बाजारात विकणारी. तिच्या आईकडून आलेली भजनं तिला इतकी येत, की नथ्थूजी अडले तर मागे न बघता थांबत, आणि ती ओळ पुढे नेत असे. मंडळातले बाकीचे झांजा वाजवत आणि चहाची वाट बघत.

शेवटच्या वर्षी नथ्थूजी तार बदलायला म्हणून दुकानात आले. तार चांगली होती. बसायचं निमित्त होतं.

"माह्यं आता होत नाई, मिस्त्री," ते म्हणाले. "एकतारी भिमाबाईले द्याची हाय. मंडळाच्या देखत सांगून ठेवलं. घरी बी सांगतलं."

"चांगलंच झालं," मी म्हटलं. "तिच्याशिवाय आहे कोण?"

त्यांनी एकतारी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "आमच्या घरी आली तवा आमाले काईच गिळाव लागलं नाई. नायक आमच्या ओट्यावर जेवले, आमी मोठ्या मनानं वाढलं. देनं सोपं हाय, मिस्त्री. देनारा उचा रायते. म्हनून तं बाबानं देनाऱ्याले आधी खायाले लावलं. आता आमची बारी हाय, अन् मले घरच्याईचा भरोसा नाई."

मी म्हटलं, तुमची पोरं शिकलेली आहेत, असं काही करणार नाहीत. हे मी मनापासून म्हटलं होतं. शिकलेला माणूस निदान जेवायला भीत नसावा, अशी माझी समजूत होती.

नथ्थूजी गेले. तेरवी झाली. एकतारी उठायला हवी होती. मोठा मुलगा विलास, त्याचं खतं-बियाणांचं दुकान आहे, गोड बोलणारा माणूस. माझ्याशीही तो कधी वाकडं बोलला नाही, आणि हेच मला जास्त खुपतं. शिवी देणाऱ्याला शिवी देता येते. विलास म्हणाला, कापूस वेचून होऊ द्या. मग म्हणाला, तुरी निघू द्या. मग मंडळाची समिती झाली, समितीचा तो अध्यक्ष. मग समितीला कळलं की कोंडूबाबा हा आपला मोठा वारसा आहे आणि वारसा असा दारोदार फिरवणं बरं नाही. नथ्थूजींच्या घराशेजारी देऊळ उभं राहिलं, गुळगुळीत फरशीचं. आत एकतारीसाठी काचेचं कपाट.

एका बाजाराच्या दिवशी विलास स्वतः एकतारी घेऊन माझ्या दुकानात आला. शालीत गुंडाळून आणली होती.

"काका, हिला चांदीच्या पट्ट्या मारा. पॉलिश करा. अन् तार काढून टाका."

"तार काहून काढू?"

"कपाटात तार तुटली तर लोक अपशकुन समजतात. तशीही आता वाजवायची नाही, दर्शनाची आहे. भजनं नागपूरच्या गायकाकडून रेकॉर्ड करून घेतली, पेन ड्राइव्हवर चोवीस तास लावता येतात." त्यानं मोबाइलवर ऐकवलं. मागे तबला, बासरी, पाण्याचा खळखळाट. आवाज फार सुरेख होता. शेवटची ओळ आली आणि मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबाचं भजन असं आहे:

चूल तुही, जाळ कोनाचा?
भूक माही, घास कोनाचा?
कोंडू पुसे, हे घर कोनाचं?

गायक म्हणत होता, 'कोंडू सांगे, हे घर देवाचं.'

"हे कोणी बदललं?" मी विचारलं.

"समितीनं. प्रश्नावर संपलं तर लोकांना अधुरं वाटते, काका."

जो माणूस जन्मभर फक्त विचारत गेला, त्याच्या तोंडात यांनी उत्तर कोंबलं. तेही असं, की कोणाला काही करावं लागू नये. घर देवाचं म्हटलं की विषय संपला, घराचा मालक सुटला. पेटीत रुई अडकली तर मी फुंकर मारतो. इथे कुठे मारणार?

"आणि भिमाबाई?" मी विचारलं.

"तिचा सत्कार करणार ना. साडी-चोळी, श्रीफळ. स्टेजवर बसवू, अगदी पहिल्या रांगेत."

मग त्यानं एकतारीच्या तुंब्यावरून हात फिरवला आणि म्हणाला की हा बाबांच्या हातचा तुंबा, तीन-चारशे वर्षांचा. मी म्हटलं, विलास, हा तुंबा मी बसवला आहे. जुना उंदरांनी पोखरला होता. हा भोपळा हिरासिंग नायकांच्या झोपडीवरच्या वेलाचा आहे, दांडाही माझाच. फक्त रिवाज जुना आहे, बाकी सगळं बदललेलं. तो हसला. म्हणाला, "ते असेल काका. पण श्रद्धेचा प्रश्न आहे, बोलू नका कोणाजवळ." माझ्या बोलण्याचा त्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. एकतारी ठेवून तो गेला.

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं, कारण एकतारी आता माझ्या दुकानात होती. भिमाबाई बाजारात टोपल्या मांडून बसली होती. तिला बोलावलं, शाल उघडली आणि म्हटलं, "घे आन जाय. जे होईल ते मी पाहून घेईन."

तिनं हात लावला नाही. "त्याईनं देल्ली काय?"

"नाई. मी देऊन राह्यलो."

"तुमी कोन देनारे?"

मला झोंबलं. म्हटलं, नथ्थूजींनी तुझं नाव घेतलं, मंडळानं ऐकलं, आणखी काय पाहिजे?

"जेवन पाह्यजे," ती म्हणाली. "न खाता उचलली तं ते चोरी झाली. मंग मी मेल्यावर ते पुढं कशी द्याची? मी रांधीन. खानं त्याईचं काम."

"ते नाही खाणार, भिमाबाई. म्हणून तर हे देऊळ बांधलं. चांदी, काच, फरशी, सगळं तुझ्या चार भाकरी टाळायला." मी मोठ्यानं बोलत होतो, शेजारचा चपलावाला बघायला लागला. "इतकी वर्षं गाऊन तुले राग कसा येत नाई?"

"येते ना," ती म्हणाली. "तुमच्यासारखं पक्कं दुकान असतं तं मी बी असा मोठ्यानं केला असता. मले उद्या त्याईच्याच वावरात निंदाले जाव लागते."

ती परत टोपल्यांपाशी जाऊन बसली. मी पट्ट्या मारल्या नाहीत, तार काढली नाही. काम करणार नाही असं विलासला कळवलं. तो न रागावता आला, एकतारी घेऊन गेला आणि यवतमाळहून सगळं करून आणलं. चांदी खरंच छान बसली होती. तार नव्हती.

उद्घाटनाला मी गेलो. जायचं नव्हतं, पण घरी बसवेना. सकाळची वेळ, मांडव, खुर्च्या, कर्ण्यावर तो सुरेख आवाज. बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. कपाटाला फीत बांधलेली, तिच्यामागे एकतारी. सगळ्यांच्या नजरा रस्त्याकडे लागल्या होत्या, आणि रस्त्यानं पाहुण्यांच्या गाडीऐवजी भिमाबाई आली. डोक्यावर टोपली.

ती स्टेजकडे गेली नाही. देवळाच्या पायऱ्यांसमोर तिनं जागा झाडली, पळसाच्या पत्रावळी मांडल्या. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, ठेचा. पाण्याचा गडू ठेवला. आणि बसली.

 विलास पटकन पुढे आला. प्रसंग सावरायला त्याला एक क्षण पुरतो. माइक घेऊन म्हणाला, "आपल्या भिमाबाईंनी प्रेमानं प्रसाद आणला आहे. तो आपण महाप्रसादात मिसळून सगळ्यांना वाटू." दोन स्वयंसेवक टोपली उचलायला सरसावले.

भिमाबाईनं टोपलीवर हात ठेवला. "हे परसाद नव्हे, विलासभाऊ. हे तुमच्या घराचं जेवन हाय."

मी मंडळाकडे पाहिलं. माझ्या पेट्यांवर वाढलेली ही माणसं. 'भूक माही, घास कोनाचा' म्हणताना यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. एक जण झांजेची दोरी आवळायला लागला. एक मांडवाच्या खांबाला टेकून मोबाइल बघत होता. पेटीवाला पेटीचं झाकण उघडून आत काहीतरी शोधत होता, जसं काही सगळा बिघाड तिथेच होता. नियम त्यांना नव्हता, जुन्या घराला होता, हे खरं. पण एकानं तरी म्हणावं, विलास, बस. एकानंही नाही. अशा लोकांच्या पेट्या मी सुरात ठेवत आलो, याचा मला त्या क्षणी इतका संताप आला की हाताशी हातोडी नव्हती हे बरं झालं.

तेवढ्यात मांडवातून गयाकाकू आल्या. नथ्थूजींची बायको. पाहुण्यांसाठी पाटील-मंडळींच्या बायकांत त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. त्या उठल्या, पदर खोचला आणि पायऱ्या उतरून पत्रावळीसमोर बसल्या.

विलास जवळ गेला, हळू बोलला, पण माइक हातातच होता. "माय, तुले शुगर हाय. डॉक्टरनं वेळेवर जेवाले सांगतलं."

"हेच ते वेळेवर हाय," काकू म्हणाल्या. "तुह्या बापाचं राह्यलेलं काम हाय. चूप बस, नाईतं इथं बस."

त्या जेवल्या. सावकाश, दात नसल्यानं भाकर वरणात कुस्करून. मधेच म्हणाल्या, "पानी दे वं बाई," आणि भिमाबाईनं गडू दिला. सगळं गाव बघत होतं. मीही जाऊन एका पत्रावळीवर बसलो. त्यात शौर्य काही नव्हतं. माझ्या जेवण्यानं काही ठरणार नव्हतं आणि मला भूक लागली होती.

हात धुऊन काकू म्हणाल्या, "विलास, काच उघड."

"पाहुण्यांच्या हातानं उघडायची आहे, माय. घरी बोलू." त्यानं कोणाकडे तरी बघून खूण केली आणि कर्ण्याचा आवाज वाढला. कोंडू सांगे, हे घर देवाचं. पाहुण्यांची गाडीही तेव्हाच आली. फीत कापली, टाळ्या झाल्या, भिमाबाईचं नाव सत्कारासाठी पुकारलं गेलं तेव्हा ती पत्रावळी गोळा करत होती.

काकू मात्र घरात गेल्या नाहीत. जाताना चार बायांसमोर एवढंच बोलल्या, "जेवन मी खाल्लं. आता तिची वस्तू तिच्या हाती पडल्याबिगर मी दुसऱ्या चुलीचं खानार नाई." आणि भिमाबाईच्या मागे पोडाकडे चालू लागल्या. सगळ्यांना वाटलं, संध्याकाळी परत येतील.

त्या झोपायला घरी येतात. जेवायला पोडावर जातात. नाला ओलांडून, काठी टेकत, पायवाटेनं. गावानं आधी हसून घेतलं. मग म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला असं ठरवलं. विलासनं पोडावर गव्हाचं पोतं पाठवलं, भिमाबाईनं परत केलं. काकू तिथे नुसत्या बसून खात नाहीत, अंबाडी खुडतात, डाळ निवडतात. मी एकदा गेलो होतो. दोघी फार बोलत नव्हत्या. भिमाबाई बांबू चिरता चिरता गात होती, हातात काही नव्हतं. काकूंना भजन येत नाही, इतकी वर्षं त्या चहा करत आत असायच्या. त्या फक्त ऐकत होत्या.

या पोळ्याच्या आसपास विलास पुन्हा माझ्या दुकानात आला. चेहरा उतरलेला होता. नातेवाईक विचारतात, सोयरिकीत बोलणी निघतात, समितीतही कुजबुज आहे.

"काका, हुबेहूब तशीच एकतारी करून द्या," तो म्हणाला. "चांदीच्या पट्ट्यांसकट."

मला वाटलं, खोटी भिमाबाईच्या गळ्यात मारायचा विचार आहे. तसं मी बोललोही.

"नाही काका. उलट. खरी तिला देऊन टाकतो. पोडावर पोहोचती करतो, गुपचूप. काचेत तुमची ठेवू. कोणाला कळणार आहे?"

मी हातातला पाना खाली ठेवला. मग मी चिडलो नाही, अगदी शांतपणे समजावलं. म्हटलं, विलास, मग नक्कल कशाला? देतोसच, तर सरळ दे. तुझी आई जेवली आहेच, घराचा कर्ता म्हणून तूही दोन घास खा, मोकळा हो. देऊळ राहू दे, काच राहू दे, त्यात बाबाच्या नावाचा दगड ठेव, काहीही ठेव. मी येतो तुझ्यासोबत. आत्ता चल.

त्यानं दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं. नंतर खालच्या आवाजात म्हणाला, "जेवणाचं सोडून काहीही सांगा, काका."

एकतारी द्यायला तयार. बाबाच्या हातची म्हणून जिच्यासमोर गाव डोकं टेकवतं ती. चांदी द्यायला तयार, देवळात खोटी वस्तू ठेवायला तयार. दोन घास नाहीत. आजवर मी समजत होतो की याला कोंडूबाबा कळलाच नाही. झांजा वाजवणाऱ्या सगळ्या मंडळापेक्षा याला तो चांगला कळला होता. नेमकी कशाला किंमत आहे ते ओळखून त्यानं तेवढंच धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात आतून बायकोनं चहा आणून त्याच्या हातात दिला. नेहमीसारखा त्यानं घेतला, फुंकर मारली आणि प्यायला लागला. सुताराच्या घरचा चहा त्याला चालतो. इतकी वर्षं चालत आला आहे, आणि मी त्याला मोठं मन समजत आलो.

मी त्याच्या हातातून कप काढून घेतला. अर्धा चहा त्याच्या शर्टावर सांडला. बायको ओरडली, "अवो, हे काय करून राह्यले?" मी म्हटलं, याला सांग, यापुढे या घरचं काही मिळणार नाही. पोडावर जेवून ये, मग ये.

तेव्हापासून तो आला नाही. गयाकाकू अजून पोडावर जेवतात, एकतारी काचेत आहे. मंडळानं पेट्या दुसरीकडे दुरुस्तीला द्यायला सुरुवात केली आहे.